‘तिला वाटलं’ खोडून झालं, पुढे काय?

पत्राचा सारांश : कोपरखैरण्यात राहणाऱ्या आणि ठाण्यात एका कार्यालयात हिशेबाचं काम करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्या काही वर्षांपासून कथा लिहितात. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली त्यांची कथा परत आली. ‘विषय चांगला आहे, पण नायिका लांबून दिसते,’ एवढाच शेरा सोबत होता. कथेतली सुलभा नोकरी सांभाळून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करते. ताईंनी स्वतःही हे केलेलं आहे. मग त्या एका ऑनलाइन कार्यशाळेला बसल्या. तिथे ‘डीप पॉइंट ऑफ व्ह्यू’, म्हणजे खोल दृष्टिकोन, शिकवलं गेलं : ‘पाहिलं, ऐकलं, वाटलं, जाणवलं’ हे शब्द खोडा, भावनेचं नाव घेऊ नका, ती शरीरातून दाखवा, एकाच पात्राच्या डोक्यात राहा. त्यांनी सगळं पाळलं. आता मैत्रीण म्हणते, वाचताना दम लागतो. आणि वर विचारते, ‘ही तूच ना?’ ताईंचे प्रश्न असे : इतकं करूनही सुलभा जवळ का येत नाही? सासूबाईंचं मन न दाखवता कथा एकांगी होणार नाही का? आणि एवढं आत शिरून लिहिलं तर नणंद आणि घरचे ते आपलंच मन म्हणून वाचतील, त्याचं काय करायचं? कथेचं एक जुनं आणि एक नवं पान त्यांनी सोबत जोडलं आहे.

ताई,

तुमची दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. संपादकांचा शेरा मला पटला. पण कार्यशाळेनंतरच्या पानातही सुलभा तेवढीच लांब आहे, आणि आता ती धापा टाकते आहे. हे का झालं ते आधी पाहू, कारण अशा कार्यशाळांतून बाहेर पडलेल्या अनेकांचं लेखन याच वळणावर अडकतं.

तुमचं जुनं पान असं आहे : ‘सुलभाने घड्याळात पाहिलं. सहा वाजून गेल्याचं तिच्या लक्षात आलं. सासूबाईंच्या खोलीतून काहीतरी आवाज आल्याचं तिने ऐकलं आणि तिला खूप राग आला. पण लगेच तिला स्वतःच्या रागाची लाज वाटली.’

आणि नवं असं : ‘सहा वाजून गेलेले. आतून आवाज. संतापाची लाट पोटातून उसळून थेट मस्तकात. घशात आवंढा. श्वास जड. कानशिलं तापलेली.’

खोडायला सांगितलेले शब्द गेले, हे खरं. पण ‘काहीतरी आवाज’ तसाच राहिला. ज्या बाईने वर्षभर त्या खोलीचा कानोसा घेत स्वयंपाक केलाय, तिला ‘काहीतरी आवाज’ कसा ऐकू येईल? तिला नेमकं कळतं. ही तुमच्या दोन्ही पानांतली खरी अडचण आहे. घड्याळ, खोली, आवाज हे सगळं आपण खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून बघतोय. सुलभा बघत नाहीये. आणि पोट, मस्तक, घसा, श्वास, कानशिलं यांची यादी कुठल्याही कथेतल्या कुठल्याही रागावलेल्या माणसाला लागू पडेल. काळजात धस्स होणं, पोटात गोळा येणं, डोळ्यांत टचकन पाणी येणं हे आपल्याकडे तयार मिळतं. ‘राग आला’ या सरळ शब्दांऐवजी ते वापरलं म्हणजे आपण आत शिरलो असं होत नाही. ‘तिला राग आला’ हे निदान थोडक्यात तरी आटपतं.

आता तीच जागा मी लिहून बघते : ‘सहा वीस. सहा पन्नासची ठाणे गाडी गेल्यातच जमा. आत पलंगाच्या कठड्यावर वाटी आपटली. थांबली. परत आपटली. चहा अजून उकळला नाही हे कळतं की त्यांना तिथून. डावा हात एवढ्यापुरता बरोब्बर चालतो. सुलभाने गॅस मोठा केला. मग कप विसळायला घेतले, त्यांचा आधी.’

वाटी मी घातली; तुमच्या घरात काय आपटत होतं ते तुम्हाला ठाऊक. यात राग हा शब्द नाही, लाज हाही नाही. राग ‘एवढ्यापुरता बरोब्बर चालतो’मध्ये गेला आणि लाज ‘त्यांचा आधी’मध्ये. विचार वाढवलेले नाहीत, शरीराचं वर्णन तर नाहीच. बदललं ते एवढंच, की खोलीत काय महत्त्वाचं आहे हे आता सुलभा ठरवते. दृष्टिकोनाची खोली मला इथे दिसते : या माणसाला या घटकेला काय दिसतं, काय दिसत नाही, आणि ते तो कुठल्या शब्दांत स्वतःशी बोलतो. बाकी खाडाखोड त्यामागून आपोआप होते.

सुलभा हिशेब लिहिणारी आहे, हे तुम्ही पहिल्या पानावर सांगता आणि नंतर विसरता. ‘सुलभा, जी गेली अठरा वर्षं एका कंपनीत हिशेब पाहत होती…’ हे वाक्य वाचकासाठी आहे. स्वतःबद्दल असं कुणी मनात म्हणत नाही. त्याऐवजी तिला डायपरची पाकिटं मोजू द्या. अंडरपॅड, फिजिओथेरपिस्ट, ब्यूरोतून आणलेल्या बारा तासांच्या मावशी, यांची खाती तिच्या डोक्यात चालू द्या. मावशी रविवारी दांडी मारतात तेव्हा किती वाचले आणि त्या बदल्यात काय गेलं, हे ती मांडेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला बेडसोर होतात, हे जिला पाठ आहे ती बाई रात्री घड्याळाकडे वेळ बघायला जात नाही. पुढची कूस किती वेळावर आली ते बघते. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. तरी पानावर ते जवळजवळ नाही. हे मला सर्वांत खटकलं, आणि त्याचं कारण मला तंत्रात दिसत नाही. त्याबद्दल पुढे बोलते.

आधी भाषेबद्दल थोडं, कारण कार्यशाळेतली शब्दांची यादी इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांतून आलेली आहे, आणि मराठीत आत शिरायच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिली वाट म्हणजे ‘आपण’. ‘तिने असं बोलायला नको होतं’ हे कुणीही सुलभाबद्दल म्हणू शकतं. ‘आपण असं बोलायला नको होतं’ हे फक्त सुलभा म्हणू शकते, आणि पुढे ‘असं तिला वाटलं’ जोडायची गरजच पडत नाही. काळाचंही तसंच. निवेदन भूतकाळात चालू असताना मनातलं वाक्य आपण सहज वर्तमानात किंवा भविष्यात ठेवतो : ‘ती जिना उतरली. आता गाडी मिळणार नाही.’ इथे कुणी अडखळत नाही.

दुसरी वाट नात्यांच्या नावांची. तुमच्या नव्या पानात सासूबाई एका ठिकाणी ‘विमलताई’ झाल्या आहेत. त्यांना विमलताई कोण म्हणतं? सोसायटीतल्या बायका. त्या एका शब्दाबरोबर आपण सुलभाच्या डोक्यातून निघून शेजारच्या दारात जाऊन उभे राहतो. सुलभा त्यांना तोंडावर आई म्हणते, मनात सासूबाई म्हणत असेल, आणि एखाद्या रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना नुसतं ‘म्हातारी’ म्हणत असेल. आपल्याकडे सर्वनामही नातं सांगतं. ‘त्यांनी परत वाटी आपटली’ आणि ‘हिने परत वाटी आपटली’ यांत अख्खा दिवस मावतो. आदरार्थी बहुवचन कथेत नेमकं कुठे गळून पडतं आणि कुठे परत येतं, हे तुम्ही जाणूनबुजून ठरवलंत तर भावनेचं नाव घ्यायची वेळ फार थोड्या ठिकाणी येईल.

ज्यांची पात्रं आगरी बोलतात अशा घणसोली-दिव्याकडच्या लेखकांनाही हेच लागू आहे. संवाद बोलीत आणि निवेदन पुस्तकी प्रमाण मराठीत ठेवलं, की प्रत्येक परिच्छेदात एक शिकलेला माणूस मध्ये येऊन उभा राहतो. सगळं निवेदन बोलीत करायलाच हवं असं नाही, पण निदान त्या माणसाच्या तोंडी कधी येणार नाहीत ते शब्द तरी निवेदनातून काढावेत.

आणि ‘पाहिलं, ऐकलं’ सरसकट खोडू नका. बघणं ही कृती असते तिथे ते राहू द्या. ‘तिने आतल्या खोलीकडे पाहिलं नाही’ हे तुमच्या जुन्या पानातलं सर्वांत चांगलं वाक्य होतं, आणि यादीपायी तुम्ही तेच उडवलंत. ते परत घ्या.

मैत्रिणीला दम लागतो, त्याचं कारण सोपं आहे. तुम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच अंतरावर, अगदी त्वचेला चिकटून राहिला आहात. जॉन गार्डनर या अमेरिकन कादंबरीकाराने कथालेखनावरच्या, १९८३ साली आलेल्या पुस्तकात वाचक आणि पात्र यांच्यातल्या अशा अंतराची पाच पायऱ्यांची शिडी दाखवली आहे. वरच्या टोकाला साल, हवा आणि दारातून बाहेर पडणारा कुणी अनोळखी माणूस. खालच्या टोकाला त्याच माणसाच्या अंगात शिरणारी थंडी, जवळजवळ तुटक शब्दांत. त्याचं म्हणणं, लेखक या शिडीवर वरखाली करू शकतो, मात्र कारण नसताना एकदम उडी मारली की वाचकाला हिसका बसतो. तेव्हा ‘पुढचे तीन महिने मावशी मिळाल्याच नाहीत’ असं एक सपाट वाक्य लिहून तीन महिने ओलांडायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे. मग वाटीच्या प्रसंगाशी खाली या, आणि तिथे थांबा. कुठे खाली यायचं, तर सुलभा जिथून पळू बघते तिथे.

तुमच्या नव्या पानातले तुटक तुकडे पाहून वाटलं, की खोल दृष्टिकोन आणि संज्ञाप्रवाह यांची तुमच्या मनात गल्लत झाली असावी. संज्ञाप्रवाहात मन जसं भरकटतं तसं ते पानावर उतरवायचा प्रयत्न असतो. मराठी कादंबरीत मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’मध्ये तो करून पाहिला. तुम्हाला ते करायचं नाहीये. पूर्ण, साधी, कर्ता-कर्म-क्रियापद असलेली वाक्यं लिहूनही सुलभाच्या डोक्यात राहता येतं.

आता सासूबाईंचं मन. एकाच डोक्यात राहणं हा कायदा नाही. आपल्याकडचा गोष्ट सांगणारा राजाच्याही मनात जातो, राणीच्याही, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तशी सर्वसाक्षी कथा लिहायची असेल तर पहिल्याच परिच्छेदात तो आवाज लावा आणि मोकळेपणाने फिरा. मात्र ती वेगळी कथा होईल, आणि तिथे या जवळिकीचा हट्ट सोडावा लागेल. दोन भाग करून एक सुलभाचा आणि एक सासूबाईंचा, हाही मार्ग आहे. फक्त एका परिच्छेदात दोघींच्या मनांत ये-जा करू नका.

पण तुमच्या गृहीतकाबद्दलच मला विचारायचं आहे. एकाच मनातून सांगितलेली कथा एकांगी होते, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या कथेत सासूबाईंची वाचा गेलेली आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवं अंग लुळं पडतं, आणि बोलण्याची केंद्रंही बहुतेकांत त्याच बाजूला असल्याने बोलणं जातं; पण पुष्कळदा समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी समजत राहतं. म्हणजे त्या बाईला कळतं आणि सांगता येत नाही. सुलभा तिच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावते. वाटी आपटली म्हणजे चहाची घाई, मान फिरवली म्हणजे नखरे. ती हे अर्थ ठामपणे लावते, कारण दमलेली आहे. समजा वाटी चहासाठी आपटत नव्हतीच. समजा सुलभाची गाडी चुकतेय हे कळून त्या तिला हाक मारत होत्या. हे सासूबाईंच्या मनात शिरून सांगितलंत तर ती एक माहिती होते. सुलभाच्याच नजरेतून, तिला न कळता, वाचकाला कळलं तर सासूबाई पानावर जिवंत होतात, आणि सुलभाबद्दल वाचकाला एकाच वेळी राग आणि माया वाटते. यासाठी सुलभाने असं काही बघायला हवं ज्याचा अर्थ तिला लावता येत नाही : वाटी आपटताना त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर आहे, बस. सुलभा ते बघते आणि चहा गाळते. एकांगी कथेची भीती वाटते ती आपण पात्राच्या मताला आपलं मत मानतो म्हणून. सुलभाला चुकू द्या.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. मला तो पहिला वाटतो.

तुमचं ‘तिला वाटलं’ ही नवख्या लेखकाची चूक होती, असं मला वाटत नाही. ते कुंपण होतं. ‘तिला राग आला’ असं लिहिलं की राग तिचा राहतो. ते शब्द काढून ‘म्हातारी’ लिहायचं म्हटल्यावर तो राग कुणाचा, हे सांगणारं कुणी मध्ये उरत नाही. तपशील पानावर आले नाहीत तेही यामुळेच असावं. कूस, चादर, डायपर, ब्यूरोचे पैसे लिहिले की घर ओळखू येतं. कार्यशाळेने तुम्हाला कुंपण काढायला सांगितलं, पण तुम्हाला ते का लागत होतं हे कुणी विचारलं नाही.

ही भीती खोटी नाही. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ १८५६ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८५७ च्या सुरुवातीला लेखकाला नीतिभ्रष्टतेच्या आरोपाखाली न्यायालयात उभं राहावं लागलं. सरकारी वकिलाने ज्या भागांवर बोट ठेवलं त्यांत नायिका एमा आपल्या प्रेमसंबंधाच्या आनंदात हरखून जाते तो परिच्छेद होता. ते हरखणं एमाचं होतं. पण निवेदनाच्या ओघात मिसळून आल्यामुळे लेखकच व्यभिचाराचा गौरव करतोय, असं ते वाचलं गेलं. फ्लोबेर निर्दोष सुटला. पात्राच्या मनातलं वाक्य लेखकाच्या अंगावर येतं, हे या पद्धतीबरोबर तेव्हापासून आलेलं आहे. तुमची नणंद तसं वाचू शकते. मैत्रिणीने वाचलंच.

तेव्हा पर्याय मोकळेपणाने बघू. कथा काही काळ बाजूला ठेवणं हा मानाचा पर्याय आहे. सासूबाई जाऊन फार दिवस झाले नसतील तर तो जास्तच. जुन्या, लांबच्या पद्धतीने लिहिणं हाही पर्याय आहे. अलिप्त निवेदनातल्या उत्तम कथा आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत, आणि अंतर ठरवून ठेवलेलं असेल तर ते वाचकाला कळतं. तिसरा पर्याय मला तुमच्यासाठी योग्य वाटतो : सुलभा तुमच्यापासून वेगळी करा. नाव बदलून ती वेगळी होत नाही. तिला तुम्ही कधी केली नसती अशी एक गोष्ट करायला लावा. तिला तुर्भ्याच्या बाजार समितीत गाळ्यावर बसवा, किंवा एकुलत्या एका मुलाची बायको करा, म्हणजे कथेत नणंदच उरणार नाही. सुलभा अशी दोन-तीन ठिकाणी तुमच्यापासून सुटली, की तुमचाच राग तिला उसना द्यायला हात कचरत नाही. आत शिरायला तुम्हाला दुसरं कुणीतरी लागतं. सध्या तुम्ही स्वतःच्याच आत शिरायला बघताय, म्हणून दार लागलंय.

आता प्रत्यक्ष काम. पूर्ण कथा हातात घेऊ नका, सकाळचा तो एकच प्रसंग घ्या आणि ‘मी’मध्ये लिहून काढा. मग ‘मी’चं ‘ती’ करा, ‘उठले’चं ‘उठली’ करा, बाकी काही हलवू नका. तुम्हाला हवं ते निवेदन जवळपास तिथेच मिळेल. जी वाक्यं आधीच लिहून झालीत त्यांना उलटी परीक्षा लावा. ‘सुलभाच्या सावळ्या चेहऱ्यावर चिंतेची छटा उमटली’ याचं ‘माझ्या सावळ्या चेहऱ्यावर चिंतेची छटा उमटली’ करून बघा. कोण कुठून बघतंय ते लगेच उघडं पडतं. त्यानंतर प्रसंग फोनवर मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा आणि ठाण्याच्या गाडीत कानात घालून ऐका. जिथे तुमचा आवाज पुस्तकी होतो तिथे सुलभा निघून गेलेली असते.

सरावासाठी परकी माणसं घ्या, ते सोपं जातं. ठाणे स्टेशनचा दहा नंबरचा फलाट, संध्याकाळी सातची वेळ. तो एकदा वाशीला भाजी पोचवून आलेल्या माथाडीच्या नजरेतून, एकदा पहिल्या दिवशी कामावर निघालेल्या मुलीच्या नजरेतून लिहा, आणि दोघांनाही एकच गोष्ट दिसली तर लेखन परत तपासा. वाचनासाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं. तिथे जुने दिवाळी अंक काढून बसा. कथा कुठे जवळ येते, कुठे लांब जाते, एवढंच पेन्सिलीने वहीत टिपत वाचा. कथा आवडली की नाही हा विचार तेवढ्यापुरता बाजूला ठेवा.

नणंदेबद्दल एक. परवानगी मागायला जाऊ नका, पण कथा छापून आल्यावर तिला दुसऱ्या कुणाकडून कळेल असंही करू नका. लिहून पूर्ण झाली, तुमच्याकडून बदल संपले, की तिला वाचायला द्या. त्यातली एखादी गोष्ट खरोखर तिच्या आईची, फक्त त्या दोघींमधली असेल आणि तिने ती काढायला सांगितली, तर काढा. राग काढायला सांगितला तर मात्र काढू नका. तो सुलभाचा आहे.

बहुतेक दिवाळी अंक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. यंदा नाही जमलं तरी चालेल, पण ज्या संपादकांनी तो शेरा लिहिला त्यांच्याकडेच ही कथा पुन्हा पाठवा. एवढं नेमकं वाचणारा माणूस सहसा मिळत नाही.